बटण गोल होईपर्यंत

"ही आपली आई नाही," सू-लुआन म्हणाली.

तिच्या धाकट्या भावाने, रोंग-त्सोंगने, फोटोवरचा लाल कागद नुकताच सोडला होता. कागदाचा बोळा अजून त्याच्या मुठीतच होता. टेबलावरच्या चौकटीतून गाल बसलेली, लांबोडक्या तोंडाची एक म्हातारी दोघांकडे बघत होती. हनुवटीवरचा तीळ आईचा होता, कानातले सोन्याचे ठिपके आईचे होते, अंगातला निळा कोट ज्येष्ठांच्या केंद्रातला होता. चेहरा मात्र कुणा परक्या बाईचा होता.

"ताई, आता सुरू नको करूस," रोंग-त्सोंग म्हणाला. चार रात्री तो आईच्या शवपेटीपाशी बसून होता, आणि डोळे लाल झाले होते. "शेवटी वाळलीच होती ती."

"फोटो गेल्या वर्षीचा आहे. गेल्या वर्षी तिला माझं जाकीट काखेत बसत नव्हतं. तूच हसला होतास."

"वन्सं, तशा छान दिसताहेत की," भावजय पी-यिंग मध्ये पडली. "बारीक. रुबाबदार."

"बारीक?" सू-लुआनने तिच्याकडे असं पाहिलं की पी-यिंगला स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवलं आणि ती आत गेली.

आईचं तोंड गोल होतं. मादोऊ गावच्या बाजारात सगळे तिला पपनसवाली म्हणायचे, ते ती पपनस विकायची म्हणून जितकं, तितकंच त्या तोंडामुळे. सत्याऐंशी वर्षं तिने ते तोंड मिरवलं, त्याच तोंडाने सगळ्यांना शिव्या घातल्या. उद्या सकाळी सगळं गाव येऊन उदबत्ती लावणार, आणि नमस्कार करणार या परक्या बाईला.

"संध्याकाळी सहा वाजता विधीवाले फोटो मंडपात ठेवणार," भाऊ म्हणाला. "एकदा पुढे उदबत्ती लागली की हलवायचा नसतो. माहितीये ना तुला?"

"माहितीये. आत्ता किती वाजले?"

"अकरा."

"मग सहापर्यंत मी दुसरा आणते."

"कुठून आणणार? आईचा दुसरा धड फोटो तरी आहे का आपल्याकडे? सगळ्यांत ती हात मध्ये घालून ओरडतेय, 'काढू नका, काढू नका' म्हणून."

ते खरं होतं. सू-लुआनने हेल्मेट उचललं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, कारण हा फोटो असा का आला ते तिला कळलं होतं. ती ते वर्षभर ओळखून होती, आणि वर्षभर मूग गिळून बसली होती.

गावातलं ज्येष्ठांचं केंद्र देवळाला लागूनच आहे. सकाळी नऊला म्हातारी माणसं जमतात, हातपाय हलवतात, गाणी म्हणतात, दुपारी जेवून घरी जातात. गेल्या वर्षी केंद्राने पंचाहत्तरीपुढच्या सगळ्यांचे मेल्यावर मागे ठेवायचे फोटो फुकट काढून द्यायचं ठरवलं. म्हातारे खूश झाले. पोराबाळांनी ऐन वेळी मोबाइलमधून लग्नातलं मुंडकं कापून मोठं करायचं, त्यापेक्षा हे बरं. बाई असो की बुवा, सगळ्यांना एकच निळा कोट, उभ्या गळ्याचा, गळ्याशी एकच मोठं शिंगाचं बटण. त्यात बसायचं, फोटो काढायचा, मग पडद्यावर बघून 'चालेल' म्हणायचं. छापून आला की लाल कागदात गुंडाळायचा आणि शेवटच्या कपड्यांबरोबर पेटीत ठेवून द्यायचा. तो पुन्हा उघडून कुणी बघत नाही. स्वतःच्या मरणाला कोण रोज हाक मारील?

फोटो काढायचे आणि नीटनेटके करायचे ते को सर. चाळीस वर्षं शाळेत होते, आधी चित्रकलेचे मास्तर, मग हेडमास्तर. केंद्राला सरकारी कचेरीतून एक जुना लॅपटॉप मिळाला होता. विकतची प्रणाली त्याला पेलत नव्हती, म्हणून त्याच्यावर ती फुकटातली, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली घातलेली होती. फोटो सुधारायचं साधनही तसलंच. सरांना त्याचा फार अभिमान होता. लॅपटॉपच्या शेजारी त्यांनी मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं होतं, मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून. ते सगळेच ठेवतात, आणि हिरवंच, कारण हिरवा दिवा म्हणजे मशीन चालू. सू-लुआन होती त्या कारखान्यातही प्रत्येक यंत्रावर असायचं.

सू-लुआन तेव्हा केंद्रात जेवण वाढायला जायची. एकदा भाताचं भांडं घेऊन जाताना तिने तीन पावलांवरून तो पडदा पाहिला, आणि भांडं खाली ठेवलं. खिशातून दहाचं नाणं काढून तिने ते पडद्यावर, कोपऱ्यातल्या घड्याळाच्या तबकडीवर धरलं. तबकडी नाण्याच्या दोन्ही कडांनी बाहेर आली होती, वरखाली मात्र बरोबर बसली होती.

"सर, हा पडदा आडवा ताणलाय," ती म्हणाली होती.

"जुनं मशीन आहे. असंच दिसतं."

"जुनं असलं तरी गोल ते गोलच दिसायला हवं. याची मांडणी चुकलीये. अक्षरंही पसरट झालीत."

खोलीत दहाबारा माणसं होती. सर हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

"अंगणच वाकडं आहे, सर."

मग सरांनी ते वाक्य टाकलं, फार न लागेलशा आवाजात, चहाचा घोट घेता घेता. "सू-लुआन, तुम्हाला कारखान्यातून का काढलं होतं? डोळ्यांमुळेच ना?"

दहाबारा माणसांपैकी कुणी हसलं नाही, हेच वाईट. सू-लुआनने नाणं खिशात टाकलं, भात वाढला, आणि दुसऱ्या दिवसापासून जाणं बंद केलं. आईचा फोटो त्यानंतर आठवड्याने निघाला. आईला सोडायला ती केंद्राच्या फाटकापर्यंत गेली होती. आत गेली नव्हती.

डोळ्यांचं असं होतं. एकोणीस वर्षं ती पडद्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती. अंधारी खोली, समोर सरकत येणारे पडदे, प्रत्येकाला चार सेकंद. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा, आणि शेवटी आकार तपासायला चौकटींमधलं एक वर्तुळ. मेलेला एक ठिपका, कडेला उतरलेली सावली, केसाएवढा ओरखडा, सगळं तिला दिसायचं. पास झाला की मागे तिचा शिक्का: सत्तावीस नंबर. बी दर्जाच्या पडद्यावर तिने कधी ए चा शिक्का मारला नाही. एकदा अख्खी खेप डाव्या कडेला पिवळी येत होती. तिने ती नापास केली. साहेबाला महिन्याचा आकडा गाठायचा होता. त्याने तिच्या सुट्टीच्या दिवशी तिच्याच शिक्क्याने ती पास केली. खेप परत आली तेव्हा शिक्का सत्तावीसचा निघाला. मग डॉक्टर आला, डोळ्यांसमोर तक्ते धरले, जवळचं थोडं अंधुक दिसतं असं लिहिलं. एक्कावन्नाव्या वर्षी कुणाला जवळचं अंधुक दिसत नाही? शिक्का टेबलावर ठेवून ती घरी आली. तेव्हाही ती भांडली नव्हती. आज स्कूटर चालवताना तिला स्वतःचाच जास्त राग येत होता.

केंद्रात को सर टेबलापाशी बसून वाटीतला वाफवलेला तांदळाचा केक बांबूच्या काडीने कापून खात होते. तिला पाहून ते उठले. "आईंचं कळलं. उद्या मी येणारच होतो. दुःखात आहात, बसा."

"बसायला नाही आले. आईचा फोटो उघडा."

"फोटो दिलाय ना तुमच्या भावाकडे?"

"तो माझ्या आईचा नाही. उघडा."

सरांनी काडी खाली ठेवली. ते हेडमास्तर होते, त्यांना असं कुणी बोलत नसे. तरी मेलेल्याच्या घरच्या माणसाशी वाद नको म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला आणि फोटो पडद्यावर आणला. पडद्यावर आई होती. गोल तोंड, जाड मान, आता कुणाला तरी फैलावर घेणार असा चेहरा.

"हे बघा. आहेत की," सर म्हणाले. "काय चुकलंय?"

सू-लुआनने मोबाइल काढून सकाळी घेतलेला चौकटीचा फोटो त्याच्या शेजारी धरला. सरांनी चष्मा पुसून दोन्हीकडे पाहिलं. "छापणाऱ्याने घोळ घातला."

"छापणाऱ्याने जसा दिला तसा छापला. घोळ पडद्यात आहे. हे मी तुम्हाला गेल्या वर्षी सांगितलं होतं. खरं सांगा, तुम्ही या फोटोंना काय केलंत?"

"काय केलं म्हणजे? कॅमेरा हलका आहे, माणसं रुंद येतात. म्हणून जरा आत घेतली. नजरेने. मी चाळीस वर्षं चेहरे काढतोय, सू-लुआन. माणसाचं तोंड किती रुंद असतं ते मला कळतं."

"तुमची नजर बरोबर होती, सर. पडदा खोटं बोलत होता आणि तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवला." तिचा आवाज चढत गेला. "माणूस समोर बसला होता ना? जिवंत. खुर्चीवर, चार हातांवर. मान वळवून त्याच्याकडे बघायचं होतं. पडद्याकडे बघून माणसाला कापलंत?"

"जरा हळू बोला. लोक आहेत."

"असू देत. गेल्या वर्षीही होते."

सरांना पटलं नव्हतं, ते तोंडावरून दिसत होतं. सू-लुआनने खुर्ची ओढली, वाचायचा चष्मा लावला आणि पडद्याच्या मांडणीचं पान शोधून काढलं. यादीत एकच ओळ होती. आडवे एक हजार चोवीस ठिपके, उभे सातशे अडुसष्ट. दुसरं काही निवडताच येत नव्हतं.

"हा चौदा इंची पडदा आहे," ती म्हणाली. "याला आडवे तेराशे सहासष्ट ठिपके असतात. मी असले दिवसाला हजार तपासलेत, मला झोपेतून उठवून विचारा. मशीन हजाराचंच चित्र काढतंय आणि ते तेराशेवर ताणून बसवतंय. लाटी एकाच बाजूने लाटली तर काय होईल, तेच झालंय."

लॅपटॉप उलटा केला तर पाठीवर दोन फोन नंबर चिकटवलेले होते. पहिला सरकारी कचेरीचा. तिथला माणूस म्हणाला, मॉडेल जुनं झालं, नवीनसाठी पुढच्या वर्षी अर्ज करा. सू-लुआनने त्याला विचारलं की पुढच्या वर्षापर्यंत आईला मंडपात बसवून ठेवू का. तो म्हणाला, हे आमच्या विभागात येत नाही. तिने फोन ठेवला. दुसरा नंबर, जुनी मशीनं दुरुस्त करून देणाऱ्या हौशी मंडळींचा, अर्धा खरवडला गेला होता. शेवटचा आकडा तीन की आठ ते कळेना. तीनवर एक माशांचं दुकान निघालं. आठवर च्वांग नावाच्या बाईने फोन उचलला. मागे मूल रडत होतं.

"यादीत किती ओळी दिसतात, ताई?" तिने विचारलं.

"एक."

"मग बसवणाऱ्याने घाई केलीये. बसवताना पडदा काळा येत असणार. अशा वेळी चित्राचं काम बघणारा भाग तात्पुरता झोपवून ठेवतात. सुरुवातीच्या ओळीत एक शब्द घालायचा, बस. काम झालं की तो काढून टाकायचा असतो. त्याने काढला नाही."

"एक शब्द?"

"एकच. तुमच्याकडे कधीपासून असं आहे?"

"चौदा महिने."

"अरेरे," च्वांग म्हणाली, आणि मग मशीनवाले सगळे विचारतात तेच विचारलं. "पाकीट ठेवलंय ना जवळ? हिरवंच ना?"

सू-लुआनने पाकीट उलटं केलं. "हिरवं आहे. मार्चमध्ये तारीख संपली."

"मग कसं वागेल ते," च्वांग हसली. को सरांचे कान लाल झाले. त्यांनी पाकीट तिच्या हातातून घेतलं आणि खणात टाकलं.

च्वांग एकेक अक्षर सांगत गेली, सू-लुआन एकेक अक्षर दाबत गेली. पसरट अक्षरं तिला नीट दिसत नव्हती. शेवटी सरच पडद्याला नाक लावून वाचू लागले. पहिल्या खेपेला तिने त्या शब्दाबरोबर शेजारचं आणखी काहीतरी पुसलं. मशीन बंद होऊन चालू झालं आणि पडदा काळा राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"झालं समाधान?" सर म्हणाले. "बावीस माणसांचे फोटो आहेत त्यात आणखी."

तिला त्यांना दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. फोनमधून च्वांग म्हणाली, "घाबरू नका, काही जात नाही. बटण दाबून धरा. आता परत करू. सावकाश." या वेळी सू-लुआनने बोट ठेवून ठेवून एकच शब्द पुसला. साडेबारा वाजले होते. बाहेर म्हाताऱ्यांची जेवणं संपत आली होती, चमचे वाजत होते.

मशीन चालू झालं. आधी काळोख, मग अक्षरांच्या ओळी, आणि मग पडदा असा उघडला, जशी पुसलेली काच. अक्षरं बारीक, काळीशार, आपापल्या जागी. सू-लुआनने खिशातून दहाचं नाणं काढून घड्याळावर धरलं. तबकडी नाण्याखाली सगळीकडून बरोबर बसली.

"आता तुमचे फोटो उघडा," ती म्हणाली.

सरांनी उघडले. तेवीस चेहरे ओळीने आले, आणि तेवीसच्या तेवीस सुकलेले. गाल खपाटीला, माना काटकुळ्या, कपाळं चिंचोळी. बाहेर आता फळं खात बसलेली, हसणारी माणसं, आत सगळी दुष्काळातून चालत आल्यासारखी. सर एकेक फोटो उघडत गेले, बंद करत गेले. पाचव्या का सहाव्या फोटोवर सू-लुआनने त्यांचा हात धरला.

तो बुन-हाय काकांचा फोटो होता. काका फेब्रुवारीत गेले, झोपेत. त्यांची बायको आ-ग्वाट काकू तेव्हापासून भेटेल त्याला एकच सांगायची. भाजीवाल्याला सांगायची, देवळात सांगायची, सू-लुआनलाही दोनदा सांगितलं होतं. "रोज मी वाढायचे, रोज समोर बसून खायचा. आणि माणूस एवढा वाळला ते मला दिसलं नाही. फोटो भिंतीवर लावला तेव्हा दिसलं. कसली बायको मी." सगळे म्हणायचे, काकू, आजार आत असतो, कळत नाही.

"त्यांना काही झालं नव्हतं," सू-लुआन म्हणाली. "हृदय थांबलं. वाळले नव्हते ते. वाळवलं तुम्ही."

सर खुर्चीत मागे टेकले. हेडमास्तरपण एकदम उतरलं, आणि समोर उरला फक्त बहात्तर वर्षांचा म्हातारा. सू-लुआनला दया यायला हवी होती. आली नाही.

"मूळ फोटो कुठेत?" तिने विचारलं.

"कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं. दुसऱ्या गटाला लागणार होतं."

"आणि मशीनमध्ये?"

"त्याच्यावरच... सुधारून तेच जपून ठेवले."

म्हणजे आईचा न कापलेला चेहरा जगात कुठेच नव्हता. सू-लुआन उठून खिडकीशी गेली, परत आली. ओरडून उपयोग नव्हता आणि न ओरडता राहवत नव्हतं. "तुम्हाला खात्री होती ना," ती म्हणाली. "इतकी खात्री, की मूळचं ठेवायचीही गरज वाटली नाही. तुमच्यासारख्या खात्रीच्या माणसांनी मला आयुष्यभर घरी पाठवलंय."

सरांनी मान खाली घातली. "परत रुंद करता येईल," ते पुटपुटले. "पण किती, ते कसं कळणार? प्रत्येकाला वेगळं आत घेतलंय. नजरेने. मला आता माझ्या नजरेचा भरवसा नाही."

सू-लुआनने पडद्यावरच्या आईकडे पाहिलं. तोंड, मान, कोट, गळा. मग ती कपाटापाशी गेली आणि तो निळा कोट काढून आणला. गळ्याचं शिंगाचं बटण तिने पट्टीने आडवं मोजलं, उभं मोजलं. दोन्हीकडून अडीच सेंटिमीटर.

"बटण गोल आहे," ती म्हणाली. "फोटोत ते अंड्यासारखं झालंय. बटण गोल होईपर्यंत ओढा. माणूस आपोआप जागेवर येईल."

सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा बटणाकडे पाहिलं. मग पुढे सरकून हात माउसवर ठेवला. सू-लुआन तीन पावलं मागे जाऊन उभी राहिली. तिला लांबचं अजून चांगलं दिसतं.

"ओढा," ती म्हणाली. "अजून. अजून. जास्त झालं. मागे. एक केस मागे. थांबा."

बटण गोल होतं. आणि त्याच्या वर आई होती. गाल भरलेले, मानेला दोन वळ्या, ओठ घट्ट मिटलेले, कारण फोटो काढताना हसायचं नाही असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सू-लुआनला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. सर पाठमोरेच बसून राहिले, वळले नाहीत, एवढं त्यांना कळलं.

मग ती जवळ गेली आणि कारखान्यातल्यासारखं कडेकडेने पाहत आली. आत घेतलेलं परत ताणलं की बारीक ते पुसलं जातं. पापण्यांचे केस एकमेकांत मिसळले होते. तिळाच्या कडा गेल्या होत्या.

"चालेल?" सरांनी विचारलं.

"नाही चालणार. कारखान्यात याला मी बी दिला असता," ती म्हणाली. "पण आईच आहे."

"मग बुन-हायचा पण करू. आज दोन्ही छापून घेऊ."

"करू. पण त्यांच्या घरी तुम्ही जायचं. मी नाही."

"काय सांगू मी तिला?"

"ते चाळीस वर्षांत शिकला असाल."

छापखान्यातून फोटो मिळायला पावणेपाच झाले. सू-लुआनने दुकानाच्या पायरीवर बसून आईचा फोटो पाठीकडून वळवला, आणि पेन्सिलने कोपऱ्यात दोन आकडे लिहिले: २७. मग काकांच्या फोटोमागेही लिहिले आणि तो सरांच्या हाती दिला.

घरी पोहोचली तेव्हा विधीवाले उदबत्त्या मोजत होते. रोंग-त्सोंगने चौकटीतला जुना फोटो काढून हा घातला, काच बसवली आणि लांब धरून पाहिला.

"आता ओरडेल असं वाटतंय," तो म्हणाला.

"ओरडू दे," सू-लुआन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव आलं. पांढऱ्या शेवंतीत आई गोल तोंडाने बसली होती आणि बाजारातल्या बायका तिला बघून आधी हसत होत्या, मग रडत होत्या. आ-ग्वाट काकू उदबत्ती लावून परत फिरल्या आणि सू-लुआनपाशी थांबल्या. "तुझ्या आईचं तोंड शेवटपर्यंत कसं भरलेलं राहिलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही मुलांनी नीट बघितलंत तिच्याकडे." सू-लुआनला तिथल्या तिथे सांगून टाकावंसं वाटलं. पण तिने नुसतं फाटकाकडे बोट केलं.

फाटकाबाहेर रस्त्यावर को सर उभे होते. आभाळ स्वच्छ होतं, ऊन चटचटत होतं, आणि त्यांनी काळी छत्री उघडली होती. छत्री त्यांच्या डोक्यावर नव्हती. गेलेल्या माणसाच्या फोटोवर आभाळ पडू द्यायचं नसतं, म्हणून ती त्यांनी हातातल्या पाकिटावर धरली होती. आ-ग्वाट काकू जवळ गेल्या. सरांनी काय सांगितलं ते सू-लुआनला मंडपातून ऐकू आलं नाही. पाच वाक्यं असतील, सहा असतील. मग त्यांनी कंबरेतून वाकून मान खाली घातली, शाळेत मुलं त्यांच्यापुढे वाकायची तशी, आणि वर केली नाही. सू-लुआन फाटकापर्यंत चालत गेली.

काकूंनी पाकिटातून फोटो काढला होता. छत्रीखालीच धरून त्या बघत होत्या.

"म्हणजे तो वाळला नव्हता," काकू म्हणाल्या.

"नाही," सर वाकलेलेच म्हणाले. "मी केलं ते."

"आठ महिने," काकू म्हणाल्या. "आठ महिने मला वाटतंय, मी त्याला उपाशी मारलं."

काकूंनी फोटो उलटा केला, पाठ पाहिली, आणि पेन्सिलीच्या आकड्यांवर बोट ठेवून सू-लुआनकडे बघितलं. "हे काय गं?"

"तपासलेलं आहे, काकू," सू-लुआन म्हणाली.

काकूंनी मान हलवली. फोटो पाकिटात न घालता त्यांनी तसाच छातीशी धरला, दुसऱ्या हाताने सरांच्या हातातली छत्री घेतली, आणि नवऱ्यावर सावली धरून त्या सावकाश घराच्या दिशेने निघाल्या. को सर उन्हात तसेच उभे राहिले.